गाडी जहाजाने नेणारे सगळे मूर्ख? थोडं थांबा

तिसरा_गिअर (धागाकर्ता)

काल 'खडूस_प्रवासी' यांनी निकालच लावला: परदेशी राहायला जाताना वापरलेली गाडी जहाजाने नेणारा माणूस मूर्ख, इथली विका, तिथे दुसरी घ्या, विषय संपला. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

विका म्हणायला काय जातं? तुम्ही वीस दिवसांत निघणार हे कळलं की घेणारा गाडीभोवती दोन चकरा मारतो, टायरला लाथ घालतो आणि निम्मी किंमत सांगतो. मग तिकडे परक्या बाजारात, कोणी कशी चालवली कोण जाणे, अशी गाडी गळ्यात बांधून घ्यायची. माझी गाडी अकरा वर्षं माझ्या हातात होती. क्लच कधी बदलला, मागचं कुठलं दार कुरकुरतं, सगळं पाठ. रो-रोने पाठवली, म्हणजे गाडी चालवतच जहाजात चढवतात आणि तशीच उतरवतात: टाकीत जेमतेम पाव इंधन, आत सामान शून्य, किल्ली त्यांच्याकडे. मी युरोपीय संघात राहायला जात होतो. आधीचे १२ महिने तुम्ही संघाबाहेर राहत असाल आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या वापरात असेल, तर तिथे आयात शुल्क माफ होतं. पुढे १२ महिने विकायची नाही, ही अट. मला विकायची होती कुठे! सगळा खर्च धरून तिकडच्या तशाच जुन्या गाडीपेक्षा स्वस्तात पडली.

हिशेबी_माणूस

'सगळा खर्च धरून' हे शब्द वाचले की डोकं उठतं. कोटेशनवर दिसतं ते समुद्राचं भाडं. दोन्ही बंदरांचा हाताळणी आकार, इंधन अधिभार, क्लिअरिंग एजंट, तपासणी, साठवण, तिकडच्या नियमांप्रमाणे दिवे बदलणं हे सगळं मागाहून येतं. हत्ती गेला अन् शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे शेपूट आधी जातं आणि हत्ती धक्क्यावर अडकतो.

मी स्वस्त पडतं म्हणून वाटणीचा ४० फुटी कंटेनर घेतला. चार गाड्या, चार मालक. त्यातल्या एकाकडे मालकीचं मूळ कागदपत्र नव्हतं. माझे कागद चोख, पण कंटेनर एकच! त्याचा कागद येईपर्यंत माझी गाडीही आत. डेमरेज, म्हणजे मुदतीपलीकडे बंदरात पडून राहिल्याचा आकार, चौघांत वाटलं. त्या गृहस्थाला मी आजवर पाहिलेलं नाही, आणि तेच बरं.

निमूट

चांगली चर्चा. एक विचारायचं होतं, रो-रोने पाठवताना टपावरचं कॅरियर काढावं लागतं का?

खडूस_प्रवासी

धागा माझ्या नावाने आहे तर हजेरी लावतो. मूर्ख शब्द मागे घेत नाही. तिसरा_गिअर यांना माफी मिळाली, म्हणून त्यांचा हिशेब जमला. ज्यांना मिळत नाही त्यांचं काय? बऱ्याच देशांत शुल्क गाडीची किंमत, विमा आणि जहाजभाडं यांच्या बेरजेवर लागतं. म्हणजे भाडं भरा आणि वर भाड्यावरही कर भरा. अमेरिकेत तिथल्या सुरक्षा नियमांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षांची झाल्याखेरीज सहसा आत घेत नाहीत. ऑस्ट्रेलियात चाकाच्या कमानीत माती सापडली तर पुन्हा धुलाई, तुमच्या खर्चाने. भावनेच्या भरात गाडी चढवणाऱ्यांनी हे आधी वाचलेलं असतं का? नसतं.

बोनेट

माझ्या मते प्रश्न रो-रो की कंटेनर हा आहे. कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर, गाडी १.८. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. माझी गाडी आत घालणारा माणूस शेवटी खिडकीतून अंग चोरत बाहेर आला आणि त्याच्या पट्ट्याच्या बकलने दारावर लांबलचक ओरखडा काढला. विमावाले म्हणाले, ही पॉलिसी फक्त गाडी पूर्ण बुडाली तर. बुडायला पाहिजे होती म्हणजे!

खारावारा

गोदीच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. ओरखड्याचं सोडा, त्या पॉलिसीत जनरल ॲव्हरेज होतं का ते पाहिलंत? जहाज आणि माल दोन्ही संकटात सापडले आणि वाचवायला खर्च झाला, तर तो जहाजमालक आणि सगळे मालवाले यांच्यात, जहाजाच्या आणि मालाच्या किमतीच्या प्रमाणात वाटतात. विमा असेल तर कंपनी हमी देते. नसेल तर आधी रोख अनामत, मग गाडी.

बोनेट

म्हणजे माझी गाडी शाबूत, जहाज त्यांचं, कप्तान त्यांचा, आणि पैसे मी भरायचे? ही तर दिवसाढवळ्या लूट!

खारावारा

लूट नाही, सागरी कायदा आहे, आणि तुमच्या-माझ्या आधीपासून आहे. 'एव्हर गिव्हन' हे कंटेनरवाहू जहाज २३ मार्च २०२१ ला सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ ला सुटलं. मालकांनी जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. जहाज इजिप्तमधून हललं ७ जुलैला. तोवर आतला माल तिथेच, मालवाल्यांची काडीची चूक नसताना.

बोनेट

काडीची चूक नव्हती हे तुम्हीच म्हणताय आणि वर समर्थनही करताय. धंद्यातली माणसं अशीच. ग्राहकाला आधी कोणी सांगत नाही.

खारावारा

बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनी देते त्या मालाच्या पावतीच्या, मागे छापलेलं असतं. वाचायचे कष्ट घ्यायचे नाहीत आणि मग लूट लूट म्हणून ओरडायचं.

बोनेट

मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात! भिंग पण भाड्यात देता का?

हिशेबी_माणूस

भांडा, पण खारावारा यांचा मुद्दा बरोबर आहे. विम्यात मी एकदा कंजुषी केली होती, नशिबाने जहाज सुखरूप पोचलं. 'फेलिसिटी एस' हे गाड्या वाहणारं जहाज फेब्रुवारी २०२२ मध्ये पेटलं आणि १ मार्चला सुमारे ४,००० गाड्यांसकट अटलांटिकच्या तळाशी गेलं. त्यानंतर मी विम्याचे पैसे घासाघीस न करता भरतो. बाकी सगळ्यात करतो.

तिसरा_गिअर

मूळ मुद्दा कधीच वाहून गेला, तरी एक कबूल करतो. माझ्या हिशेबात दोन गोष्टी धरल्या नव्हत्या. गाडी येईपर्यंत सात आठवडे भाड्याची गाडी वापरली, ती. आणि उतरली तेव्हा बॅटरी ठार मेलेली होती, ती.

खडूस_प्रवासी

सात आठवडे भाड्याची गाडी! आणि म्हणे स्वस्तात पडली.

तिसरा_गिअर

धरूनही थोडी स्वस्तच आहे. थोडी.

खडूस_प्रवासी

बरं, थोडी. शुल्कमाफी बसत असेल, गाडी तिकडे चालणारी असेल आणि विकताना खरंच निम्मी किंमत येत असेल, तर न्या बापडे. माझी नेणार नाही.

निमूट

माझ्या कॅरियरचं कोणी सांगेल का?

खारावारा

काढा. रो-रोवाले बहुधा घनमीटरवर आकारतात आणि उंची सर्वांत वरच्या टोकापर्यंत मोजतात. साडेचार मीटर लांब, १.८ रुंद, दीड मीटर उंच गाडी म्हणजे १२.१५ घनमीटर. कॅरियरने उंची १.७ झाली की १३.७७. दीड घनमीटरहून जास्त नुसत्या हवेचं भाडं.

बोनेट

आणि काढून डिकीत ठेवू नका. आत सामान चालत नाही, ते पण बारीक अक्षरात आहे.