पोलिसांना युनियन असावी का? न्यूयॉर्कच्या डिटेक्टिव्हांकडे बघून पडलेला प्रश्न

रेवदंडेकर

न्यूयॉर्क पोलिसांत पाच युनियन आहेत. शिपायांची, सार्जंटांची, लेफ्टनंटांची, कॅप्टन आणि त्यावरच्यांची, आणि डिटेक्टिव्हांची. या पाचवीचं नाव डिटेक्टिव्ह्ज एन्डावमेंट असोसिएशन. ती पगाराचा करार करते, सभासदावर चौकशी बसली की वकील देते, आणि कामावर असताना मरण पावलेल्यांची नावं दरवर्षी घेऊन त्यांच्या घरच्यांच्या मागे उभी राहते.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारशी भांडायचा हक्क असलेल्यांनीच वाहिलेल्या आदरांजलीला काही वजन असतं. बाकी सगळं बिगूल आणि पुष्पचक्र.

जेम्स झड्रोगाचं प्रकरण बघा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यावर शेकडो तास राबलेला डिटेक्टिव्ह. फुप्फुसं निकामी होऊन जानेवारी २००६ मध्ये गेला, वय ३४. न्यू जर्सीतल्या शवविच्छेदनात ढिगाऱ्यावरच्या धुळीचा संबंध जोडला गेला. न्यूयॉर्क शहराच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने २००७ मध्ये उलट मत दिलं, की फुप्फुसातले कण गोळ्यांची पूड करून टोचून घेतल्याचे आहेत. महापौर ब्लूमबर्ग तर बोलून गेले की तो हीरो नव्हता. पुढे त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. मेलेला माणूस स्वतःची बाजू मांडू शकत नाही. त्याच्या घरच्यांबरोबर युनियन उभी राहिली, आणि २ जानेवारी २०११ ला आजारी पडलेल्या बचावकर्त्यांसाठीचा कायदा त्याच्याच नावाने झाला.

आपल्याकडे २१ ऑक्टोबरला नायगावच्या मैदानावर वर्षभरात गेलेल्या पोलिसांची नावं वाचतात. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात गेलेल्या १० जवानांचा तो दिवस. परेड उत्तम असते. पण २२ ऑक्टोबरला त्या घरच्यांनी कुणाचं दार ठोठवायचं?

ताम्हनकर

धागा चांगला, पण अर्धाच पिक्चर दाखवलात. हीच युनियन शॉन बेल प्रकरणात कुठे होती तेही सांगा की.

२५ नोव्हेंबर २००६, न्यूयॉर्कचा क्वीन्स भाग. त्या दिवशी बेलचं लग्न होतं. पहाटे मित्रांबरोबर क्लबमधून बाहेर पडला आणि साध्या वेशातल्या पोलिसांनी त्याच्या गाडीवर ५० गोळ्या झाडल्या. त्यातल्या ३१ एकाच डिटेक्टिव्हच्या. गाडीत हत्यार सापडलं नाही. तीन डिटेक्टिव्हांवर खटला चालला, २००८ मध्ये न्यायाधीशांनी निर्दोष सोडलं. शहराने नंतर ७० लाख डॉलरहून जास्त भरपाई दिली, म्हणजे भरली करदात्यांनी. २०१२ मध्ये त्यातल्या एकाला नोकरीवरून काढलं तेव्हा युनियन पुन्हा त्याच्याच बाजूने.

वकील देणं हे युनियनचं कामच आहे, मान्य. पण मग तिला श्रद्धांजलीच्या व्यासपीठावर बसवू नका. शहिदांच्या फोटोआड सगळेच लपतात. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांवरच्या शिस्तभंगाच्या नोंदी जनतेपासून झाकणारं एक कलम होतं, ५०-ए. जून २०२० मध्ये विधिमंडळाने ते रद्द केलं, तर पोलिसांच्या युनियन कोर्टात गेल्या. हरल्या ते सोडा. गेल्या ते महत्त्वाचं.

क्वीन्सकर

मी इथेच राहतो, म्हणून दोन शब्द.

डिसेंबर २०१४ मध्ये ब्रुकलिनमध्ये गस्तीच्या गाडीत बसलेल्या दोन शिपायांना गोळ्या घालून मारलं, रामोस आणि लिऊ. दोघांना मरणोत्तर डिटेक्टिव्ह केलं. अंत्ययात्रेत महापौर डी ब्लासिओ बोलायला उभे राहिले आणि बाहेर रस्त्यावर शेकडो पोलिसांनी पाठ फिरवली. शिपायांच्या युनियनचा अध्यक्ष आधीच म्हणाला होता की रक्ताचे डाग महापौरांच्या कार्यालयापर्यंत जातात. लिऊच्या अंत्यविधीआधी पोलीस आयुक्त ब्रॅटन यांना लेखी कळवावं लागलं की ही शोक करायची जागा आहे, गाऱ्हाणी मांडायची नाही. तरी काहींनी पाठ फिरवलीच. पुढचे काही आठवडे शहरात दंडाच्या पावत्या फाडणं जवळजवळ थांबलं.

रेवदंडेकर, भांडायचा हक्क आणि आदरांजली एकत्र आली की हे असंही होतं. लिऊचे आईवडील समोर बसलेत आणि बाहेर हिशेब चुकते होताहेत. मला ते अजिबात आवडलं नाही.

पण दुसरी बाजूही इथेच पाहिली. फेब्रुवारी २०१९ मध्ये मोबाईलच्या दुकानातला दरोडा रोखायला गेलेला डिटेक्टिव्ह सायमनसन आपल्याच लोकांच्या गोळीने गेला. दरोडेखोराकडे नकली पिस्तूल होतं, पोलिसांनी ४२ गोळ्या झाडल्या. सायमनसन स्वतः युनियनचा प्रतिनिधी होता. त्या दिवशी युनियनची बैठक होती, ती आटोपून घरी जाता आलं असतं. हा कामावर आला. युनियनवाले म्हणजे कामचुकार, हे मी त्यानंतर कुणाकडून ऐकून घेत नाही.

लाईनीतला

ताम्हनकर साहेब, तुमचे वडील पोलिसात होते का? माझे होते. पोलीस लाईनीत वाढलोय. गणपती, निवडणूक, मोर्चा, क्रिकेट मॅच, काही असो, बंदोबस्त म्हटला की साप्ताहिक सुट्टी गेली. आणि तक्रार कुणाकडे करायची? ज्याने सुट्टी कापली त्याच साहेबाकडे, अर्जाने, योग्य मार्गाने. योग्य मार्ग म्हणजे त्याच साहेबाचं टेबल.

आमच्या शेजारचे एक हवालदार ड्युटीवरच हार्ट अटॅकने गेले. तेरावं झालं आणि थोड्याच दिवसांत क्वार्टर रिकामं करायचं पत्र आलं. अनुकंपावर मुलाच्या नोकरीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर. काकू प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन जायच्या: मृत्यूचा दाखला, वारस दाखला, शेवटच्या पगाराचं पत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स. दर वेळी एक कागद कमी निघायचा. अंत्यविधीला आलेले साहेब तोवर बदलून गेलेले. बरोबर कोण जाणार? बाबा एकदा गेले, तर त्यांनाच विचारलं, तुमचा काय संबंध.

युनियन असती तर ‘संबंध’ असता. एवढंच.

मोहोळची मंजिरी

+१ लाईनीतला. तुकाराम ओंबळेंनी कसाबची एके-४७ हातात फक्त लाठी असताना धरून ठेवली, त्यावर स्टेटस ठेवायला सगळे पुढे. एएसआयच्या हातात लाठीच का होती, हे खात्याच्या आतून विचारायची सोय कुणाला होती?

ताम्हनकर

लाईनीतला, तुमच्या काकूंबद्दल मला वाईट वाटतं, मनापासून. पण त्यावर इलाज कल्याण निधी आणि ठरलेल्या मुदतीत फाईल निकाली काढायचा नियम हा आहे. त्याला युनियन कशाला?

इतिहास विसरू नका. महाराष्ट्रात पोलिसांची संघटना होती. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत काय झालं? गिरणी संप चालूच होता, त्यात पोलीसच रस्त्यावर. दगडफेक, जाळपोळ, शेवटी लष्कर बोलवावं लागलं. संघटनेची मान्यता गेली ती कायमची. पोलीसच संपावर गेला तर शंभर नंबर कुणी उचलायचा?

आणि संघटना नसतानाही बदल होतात. आठ तासांची ड्युटी घ्या. मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यातल्या एका पोलीस नाईकाने आराखडा मांडला, आयुक्त पडसलगीकरांनी २०१६ मध्ये तिथेच तो राबवून पाहिला. ना मोर्चा, ना घोषणा.

लाईनीतला

आणि मग साहेब बदलले, करोना आला, आठाचे पुन्हा बारा झाले. करार असता तर साहेब बदलल्याने तो मोडता आला नसता.

कायदेपंडित नाही

दोघेही ‘युनियन म्हणजे संप’ धरून बसलात, म्हणून वाद पुढे सरकत नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांना युनियन आहे, पण संपाचा हक्क नाही. तिथला १९६७ चा टेलर कायदा सरकारी नोकरांना संप बंद करतो. केलाच तर दर दिवसामागे दोन दिवसांचा पगार जातो. बदल्यात सरकारला वाटाघाटीला बसणं भाग असतं. पोलिसांचा करार अडला तर प्रकरण लवादाकडे जातं आणि लवाद सांगेल ते दोन्ही बाजूंना बंधनकारक. क्वीन्सकरांनी सांगितलेलं पावत्यांचं प्रकरण ही त्यातली पळवाट, हे खरं.

आपल्याकडे संविधानाचं ३३ वं कलम संसदेला पोलिसांचे हक्क मर्यादित करायची मुभा देतं, आणि १९६६ चा कायदा सांगतो की पोलिसाला परवानगीशिवाय कामगार संघटनेत जाता येणार नाही. ‘परवानगीशिवाय’ हा शब्द नीट वाचा. केरळात पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना वर्षानुवर्षं चालू आहेत, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. उलट कर्नाटकात २०१६ मध्ये पोलिसांनी सामूहिक रजेची हाक दिली तर संघटना चालवणाऱ्यावर थेट राजद्रोहाचा गुन्हा. बोलायला दारच ठेवलं नाही तर माणूस भिंतीवर धडका मारणार.

क्वीन्सकर

टेलर कायद्याचा मुद्दा बरोबर. एक जोडतो. मान द्यायला युनियनच लागते असं नाही. जुलै २०२५ मध्ये मॅनहॅटनमधल्या पार्क अव्हेन्यूवरच्या गोळीबारात दिदारुल इस्लाम हा शिपाई गेला, मूळचा बांगलादेशी, बायको गरोदर होती. त्याला डिटेक्टिव्ह फर्स्ट ग्रेड, म्हणजे डिटेक्टिव्हांतला सर्वात वरचा दर्जा, दिला तो आयुक्तांनी, ब्राँक्सच्या मशिदीत अंत्यविधीच्या वेळी. तो त्या इमारतीत गणवेशात जादा पैशांची पहारेदारी करत होता, खात्याच्याच परवानगीने. मान खात्याने दिला. पण तीन वर्षांच्या नोकरीच्या शिपायाला जादा ड्युटी का करावी लागते, हा प्रश्न आयुक्त विचारणार नाहीत. तो करार करणाऱ्यांनीच विचारायचा.

रेवदंडेकर

ताम्हनकर, शॉन बेलबाबत तुमचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही. पण डिटेक्टिव्ह लुईस अल्वारेझ आठवा. कर्करोग झालेला, ११ जून २०१९ ला अमेरिकन काँग्रेसपुढे साक्ष द्यायला आला. सांगितलं, उद्या माझी ६९ वी केमोथेरपी आहे. ढिगाऱ्यावर काम केलेल्यांच्या निधीतले पैसे संपत आले होते, त्यासाठी. २९ जूनला तो गेला. त्याआधी बचावकर्त्यांनी त्याचा बिल्ला सिनेटमधल्या बहुमताच्या नेत्याच्या हातात दिला होता. बरोबर महिन्याने, २९ जुलैला, निधी कायम करणाऱ्या कायद्यावर सही झाली. आपल्याकडे हवालदार विधानसभेच्या समितीपुढे बसून हे बोलला असता तर दुसऱ्या दिवशी त्याला काय मिळालं असतं? कारणे दाखवा नोटीस.

ताम्हनकर

अल्वारेझला माझा सलाम. तो स्वतःच्या मित्रांसाठी बोलला, कुणाचा गुन्हा झाकायला नाही. तसली संघटना काढा. पगार, घर, सुट्टी, विधवेची फाईल, यावर हवं तेवढं भांडू दे. गोळी कुणाला लागली याच्या चौकशीत तिचा शब्द चालणार नाही, आणि श्रद्धांजलीच्या दिवशी तिचा झेंडा नको. हे लिहून देणार असाल तर माझं मत तुमच्या बाजूने.

लाईनीतला

झेंडा नकोच. आधी क्वार्टरचं पत्र थांबवा.