मेल ‘परत’ आला म्हणजे नेमकं काय झालं? बाउन्स, बाद पत्ते आणि आपले शब्द

प्रश्न

मेलिंग लिस्ट सांभाळणाऱ्यांसाठी मराठीत सूचना लिहायला घेतल्या आहेत आणि पहिल्याच पानावर अडले आहे. मी लिहिलं होतं, ‘परत आलेले मेल परत पाठवू नयेत.’ मैत्रिणीला वाचून दाखवलं, तर तिनं विचारलं, ‘म्हणजे ज्याचे त्याला देऊ नयेत, की आणखी एकदा पाठवू नयेत?’ माझ्याकडे उत्तर होतं, पण वाक्यात ते नव्हतं.

शिवाय ‘इनव्हॅलिड अ‍ॅड्रेस’ला ‘अवैध पत्ता’ लिहिताना हात थबकतो. हार्ड आणि सॉफ्ट बाउन्सचं ‘कठीण’ आणि ‘मऊ’ केलेलंही पाहिलं आहे, ते मला वाचवेना. रोजच्या वापरातले, चुकीच्या अर्थाला वाव न देणारे शब्द सुचवा.

प्रतिसाद

सरळ ‘बाउन्स’ लिहा. चेक बाउन्स होतो, तसा मेल बाउन्स होतो. सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद

‘बाउन्स’ला माझी हरकत नाही, तो आता मराठीत रुळला आहे. पण चेकची उपमा जपून वापरावी. चेकसाठी मराठीत ‘वटणे’ हे अस्सल क्रियापद आहे. चेक वटला नाही की बहुतेक वेळा बोट देणाऱ्याकडे जातं: खात्यात पैसे नव्हते. कायद्याच्या मराठीत तर ‘धनादेशाचा अनादर’ म्हणतात, म्हणजे थेट पत जाण्याचाच प्रश्न. मेलचं तसं नाही. पाठवणाऱ्यानं सगळं नीट केलेलं असतं, घेणाऱ्याची पेटी बंद झालेली असते. ‘तुमचा मेल बाउन्स झाला’ वाचून आपलंच काही चुकलं असं समजणारे लोक मी पाहिले आहेत, ते या चेकमुळेच.

आता ‘परत’. खरा घोळ इथे आहे. ‘परत’ म्हणजे मागे आणि ‘परत’ म्हणजे पुन्हा, दोन्ही अर्थ तितकेच जिवंत आहेत. ‘मेल परत आला’ याचा अर्थ पोचला नाही म्हणून मागे आला असाही होतो आणि तोच मेल दुसऱ्यांदा आला असाही. ‘साभार परत’मध्ये गोंधळ होत नाही, कारण शेजारचं ‘साभार’ अर्थ पक्का करतं. एकटा ‘परत’ मात्र भरवशाचा नाही.

याची किंमत मी मोजली आहे. एका संस्थेची यादी माझ्याकडे होती. काही दिवस बाहेर जायचं होतं म्हणून सहकाऱ्याला चिठ्ठी ठेवली: ‘जे मेल परत येतील ते बघून परत पाठव.’ मला म्हणायचं होतं, माझ्याकडे पाठव. त्यानं ते त्याच पत्त्यांवर पुन्हा पाठवले, तेही दोनदा. त्यांत कित्येक पेट्या केव्हाच्या बंद झालेल्या होत्या. नसलेल्या पत्त्यांवर वारंवार मेल टाकणारा समोरच्या सर्व्हरला संशयास्पद वाटतो, कारण गठ्ठ्यानं मिळवलेल्या पत्त्यांवर कचरा मेल पाठवणारे हेच करतात. पुढचे काही दिवस आमचे चांगल्या पत्त्यांवरचे मेलही अडकून राहिले. सहकाऱ्याचा दोष नव्हता. चिठ्ठीचा तोही अर्थ होतच होता.

तेव्हापासून मी मागे येण्याला ‘माघारी’ आणि दुसऱ्यांदा करण्याला ‘पुन्हा’ असंच लिहितो. ‘माघारी आलेले मेल पुन्हा पाठवू नयेत.’ तुमच्या मैत्रिणीला हे वाक्य दाखवून बघा. ‘फिरून’ वापरू नका, त्यातही हाच दुहेरीपणा आहे. ‘उलट टपाली’ तर अजिबात नको, त्याचा अर्थ लगेच उत्तर देणं असा ठरलेला आहे.

हार्ड-सॉफ्टसाठी शब्द शोधण्याआधी आत काय घडतं ते बघू. मेल घेणारा सर्व्हर तीन आकड्यांत उत्तर देतो. पहिला आकडा ४ असेल तर अडचण तात्पुरती, ५ असेल तर नकार. पहिल्या प्रकाराला मराठीत तयार शब्द आहे: मेल खोळंबला. पाठवणारा सर्व्हर तो रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करतो. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या २००८ च्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजात दोन प्रयत्नांत निदान ३० मिनिटं जाऊ द्यावीत आणि हार मानण्याआधी साधारण ४-५ दिवस तरी थांबावं, असं म्हटलं आहे. दुसऱ्या प्रकारात मेल नाकारला. म्हणून मी ‘खोळंबलेला’ आणि ‘नाकारलेला’ म्हणतो. यात मऊ काही नाही आणि कठीणही काही नाही. खोळंबलेला मेल अजून माघारी आलेला नसतो, हा फरक ‘सॉफ्ट बाउन्स’ या नावात पुसला जातो.

प्रतिसाद

‘माघारी’ ऐकलं की मला उमेदवारी अर्ज आठवतो. आपणच मागे घेतल्यासारखं वाटतं. आणि ‘माझ्या माघारी’ म्हणजे माझ्या अनुपस्थितीत, ते वेगळंच.

प्रतिसाद

रास्त शंका आहे. पण तो अर्थ ‘घेणे’ या क्रियापदातून येतो. ‘मेल माघारी घेतला’ म्हणजे पाठवणाऱ्यानं रद्द केला आणि ‘मेल माघारी आला’ म्हणजे पोचला नाही. दोन्ही गोष्टी या कामात लागतात आणि केवळ क्रियापदानं वेगळ्या होतात, ही मला सोयच वाटते. ‘माझ्या माघारी’ला मागे षष्ठी लागते, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही.

‘अवैध’बद्दल: अवैध बांधकाम, अवैध वाहतूक. या शब्दाला आता कायदा मोडल्याचा वास आहे. ज्याची पेटी बंद झाली त्यानं कुठला कायदा मोडला? त्यापेक्षा ‘बाद’ घ्या. मतमोजणीत मत बाद होतं, म्हणजे मोजणीत धरत नाहीत, मतदारावर ठपका येत नाही. पत्त्याचं नेमकं तेच आहे.

मात्र एकाच ‘बाद’खाली सगळं कोंबू नका. टंकताना टिंब सुटलं किंवा ‘@’ राहिलं, तर तो पत्ता ‘सदोष’: तो मेल पाठवण्याआधीच ओळखता येतो. पत्त्याची घडण ठीक आहे, पण त्या नावाची पेटीच नाही, तर ‘पेटी नाही’ असंच लिहा. माघारीच्या सूचनेत ‘५.१.१’ दिसतं ते हेच. ‘५.१.२’ म्हणजे ‘@’च्या पुढचं डोमेनच सापडत नाही. ‘५.२.२’ म्हणजे पेटी भरली आहे. हा शेवटचा फसवा आहे, कारण आकडा ५ चा असला तरी माणूस पेटी रिकामी करू शकतो. एवढ्यावर कुणाचा पत्ता बाद करू नये.

प्रतिसाद

आणि ‘डिसेबल्ड’? आमच्या यादीत ते फार वापरतात. मी ‘नाव काढले’ असं भाषांतर करत आले आहे.

प्रतिसाद

ते बदला, त्यानं माणसं दुखावतात. मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या मेलमन २ या सॉफ्टवेअरची मूळ मांडणी बघा. नकाराला १ गुण, खोळंब्याला अर्धा, दिवसाला एकाच माघारीची नोंद. बेरीज ५ झाली की त्या सदस्याला मेल जाणं थांबतं. ७ दिवसांत एकही मेल माघारी आला नाही, तर आधीचे गुण जुने म्हणून सोडून दिले जातात. मेल थांबल्यावरही आठवड्याच्या अंतरानं ३ सूचना जातात आणि तरी काही हालचाल नसेल तरच नाव निघतं. म्हणजे मधला सगळा काळ नाव यादीत असतं. ‘मेल थांबवले’ आणि ‘नाव कमी केले’ या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. सर्व्हर दोन दिवस बंद होता म्हणून ज्याचे मेल थांबले, त्याला ‘नाव काढले’ वाचायला लागणं बरं नाही.

एक शब्द आवर्जून सूचनांत घाला: ‘परतीचा पत्ता’. इथे ‘परत’चा घोळ नाही, ‘परतीचा’ म्हटलं की मागे येण्याचाच. मेलला दोन पाठवणारे असतात, एक आत मथळ्यात दिसणारा आणि एक पाकिटावरचा. माघारीची सूचना पाकिटावरच्या पत्त्यावर येते. संगणकतज्ज्ञ डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९७ मध्ये यावरच एक युक्ती मांडली: प्रत्येक सदस्यासाठी परतीचा पत्ता वेगळा ठेवायचा आणि त्यातच सदस्याचा पत्ता गुंफायचा, ‘@’च्या जागी ‘=’ घालून. मग सदस्यानं आपला मेल दुसरीकडे वळवला असेल आणि तिथून तो माघारी आला, तरी यादीतलं कुठलं नाव ते लगेच कळतं. आणि माघारीच्या सूचनेचा स्वतःचा परतीचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. नाहीतर सूचना माघारी येईल, तिची सूचना जाईल, तीही माघारी येईल.

प्रश्नकर्तीकडून

आभार. मसुदा बदलला, बघा:

‘मेल खोळंबला असेल तर काही करू नये, सर्व्हर आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतो. माघारी आलेला मेल पुन्हा पाठवू नये, आधी कारण वाचावे. पेटी भरली असेल तर थांबावे. पेटीच नसेल तर पत्ता बाद झाला असे समजून त्या सदस्याचे मेल थांबवावेत आणि दुसऱ्या मार्गाने विचारणा करावी.’

मैत्रिणीनं यावेळी काही विचारलं नाही.

प्रतिसाद

छान उतरलं आहे. एकच बदल सुचवतो: ‘बाद झाला असे समजून’ऐवजी ‘बाद ठरवून’ लिहा. ‘झाला’ म्हटलं की आपोआप घडल्यासारखं वाटतं. इथे यादी सांभाळणारा कारण वाचून ठरवतो, आणि चूक निघाली तर तोच पत्ता पुन्हा चालू करतो.