केबल-स्टेड पूल: माप कशाचं धरायचं, अख्ख्या लांबीचं की मधल्या गाळ्याचं?

खाडीवाला:
काल फॅमिली ग्रुपवर परत तेच. मामेभाऊ म्हणतो आपला वांद्रे-वरळी सी लिंक ५.६ किमी, द्वारकेकडचा सुदर्शन सेतू अडीच किमी पण नाही, मग देशात सगळ्यात लांब केबल-स्टेड (मनोऱ्यावरून तिरक्या केबलींनी रस्ता धरलेला पूल) तो कसा? सांगून दमलो की अख्खा पूल नाही, मनोऱ्यालगतचा मोठा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मोजतात. सुदर्शनचा ५०० मीटर (बातम्यांतले ९०० म्हणजे केबलवाला अख्खा भाग), कोलकात्याच्या विद्यासागर सेतूचा ४५७, आणि आपले वांद्र्याकडे २५०-२५०. बाकी सी लिंक म्हणजे खांबांवर ठेवलेला काँक्रिटचा रस्ता. उगाच छाती फुगवू नका.

वरळीकर७८:
काँक्रिटचा रस्ता म्हणे! भर समुद्रात खांब रोवलेत राव. आणि तुमच्याच मापाने बघू. वांद्र्याकडे मनोरा एकच, चार पाय वर जाऊन एकत्र येतात तो, आणि तो एकटा दोन्ही हातांनी २५०-२५० मीटर धरून उभाय. सुदर्शनला मधल्या ५०० साठी दोन मनोरे, म्हणजे एकेकाच्या वाट्याला २५०च की! मग मोठ्या गाळ्यांच्या यादीत आपण निम्म्यावर का?

पोलादी_पक्या:
कारण तुमच्या २५० चं दुसरं टोक खांबावर टेकतं हो. गाळा म्हणजे दोन आधारांमधली मोकळी जागा, विषय संपला. रशियातल्या व्लादिवोस्तोकच्या रुस्की पुलाचा गाळा ११०४ मीटर हौस म्हणून ताणला का? खालून जहाजं जातात.

घाटमाथा:
एवढं सोपं नाही. फ्रान्सचा मियो बघा, सात मनोरे, २४६० मीटर पूल, खाली दरी, पण मोठा गाळा ३४२ चा म्हणून तुमच्या यादीत कुठेतरी तळाला. ही मापपट्टी जहाजवाल्यांची आहे, दरीवर काय कामाची?

खाडीवाला:
नुसतं जहाजाचं नाही ते. केबल तिरकी ओढते, त्यामुळे रस्ता मनोऱ्याकडे दाबला जातो, आणि जितका गाळा लांब तितका तो दाब मनोऱ्याजवळ साठत जातो. खरी परीक्षा तिथे, म्हणून गाळा मोजायचा. झुलत्या पुलात मुख्य केबल किनाऱ्यावर जखडतात, तो दाब रस्त्यावर येत नाही, म्हणून तुर्कस्तानात २०२३ मीटरचा गाळा जमला, केबल-स्टेड मात्र चीनच्या चांगताई पुलाला १२०८ वर आहे. मियोचं कौतुक उंचीसाठी करा ना, कोण अडवतंय.

वरळीकर७८:
दाबाचं पटलं. पण मग एक मनोरा आणि दोन मनोरे अशा याद्या तरी वेगळ्या करा, पैलवान वजनगटात लढवतात तसं.

खाडीवाला:
हे चालेल. मामेभावाला धागा दाखवला, तो म्हणतो गाळा २५० चा असूदे, टोल तर अख्ख्या ५.६ किमीचा घेतात ना.