दुर्मीळ मेंदूविकार मोजायचा कुठे : दवाखान्यात की घरच्या मोबाइलवर?

मंजिरी_क
माझ्या धाकट्या भावाला फ्रेडरिक्स अटॅक्सिया आहे. आजार अनुवंशिक, तोल जातो, हातापायांचा मेळ बसत नाही, जीभ जड होते. यावरचं पहिलं औषध, ओमाव्हेलोक्सोलोन, अमेरिकेत फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजूर झालं. निर्णायक चाचणीत १०३ जण होते, ४८ आठवडे. तोल आणि हालचालींच्या, जवळपास शंभर गुणांच्या तपासणीत औषध आणि नकली गोळी यांच्यात फरक निघाला साधारण २.४ गुणांचा. पण शर्टाची बटणं लावता येतील का, हे त्या आकड्यातून कसं कळणार? डॉक्टरांसमोर भाऊ सगळं बळ लावून उभा राहतो आणि घरी आल्यावर दिवसभर झोपून असतो. ते झोपणं कुठल्याच कागदावर येत नाही. रुग्ण इतके थोडे, तर प्रत्येकाकडून जास्त कळायला हवं. चालण्यातला डोल, बोटांचा वेग, आवाज मोबाइल रोज टिपू शकतो. औषधचाचण्यांत अशा ॲपना जागा मिळालीच पाहिजे.

पाणकणीस
मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि मला हे पटत नाही. या आजारात बहुतेकांना पुढे व्हीलचेअर लागते. ती आल्यावर माणूस कित्येकदा पुन्हा बाजारात, लग्नाकार्यात जायला लागतो. ॲपला मात्र पावलं शून्यावर आलेली दिसतात! शिवाय ज्याची बोटं मोबाइलच्या काचेवर नीट पडत नाहीत, तो पडद्यावर रोज टिचक्या मारणार. आपण घसरतोय हे त्याला रोज दाखवायचं का?

मंजिरी_क
मग चाकांच्या फेऱ्या मोजा. निकाल रुग्णाला दाखवायलाच हवा असंही नाही. सहा महिन्यांतून एकदा होणाऱ्या तपासणीपेक्षा हे नक्कीच बरं.

सातपुडा
माझी हरकत वेगळी आहे. पार्किन्सनच्या ‘एमपॉवर’ ॲपने २०१५ मध्ये सहभागींना विचारलं होतं : माहिती फक्त आम्हाला द्यायची की इतर संशोधकांनाही? चांगली पद्धत. पण पार्किन्सनचे रुग्ण पुष्कळ. तालुक्यात अटॅक्सियाचा मुलगा एकच असेल, तर नाव पुसून काय होणार? वय, गाव, व्हीलचेअर, झाली ओळख. यात आईवडील दोघेही वाहक असतात, म्हणजे स्वतः निरोगी पण आजाराचं जनुक बाळगणारे, आणि निरोगी भावंडं वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. त्याची बहीण लग्नाची असेल तर तिची संमती कोणी घेतली?

मंजिरी_क
ती बहीण मीच, दादा. संमती माझी आहे. पण ठिकाणाची नोंद बंद ठेवण्याची सोय हवी, हे अगदी मान्य.

निवांत२७
मला हाच आजार आहे. माझं बोलणं मोबाइलला कळत नाही, आईला कळतं. थकवा तर सेन्सरला दिसतच नाही, आणि मला सर्वांत जास्त तोच छळतो. ॲप कराच, पण आज काय जमलं नाही हे आईला लिहिता येईल असा रकाना त्यात ठेवा. आणि चाचणी रोज नको, आठवड्यातून दोनदा पुरे.

पाणकणीस
आईच्या रकान्याला माझा पाठिंबा. पावलांना अजूनही नाही.