मदत हवी आहे: बेवारस सायकलचा क्रँक (पायडलचा दांडा) निघत नाही

कोथरूडकर: सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडून असलेली दांडीची सायकल मिळाली आहे. पूर्ण खोलून ओव्हरऑइलिंग करायचंय. नट काढला, हातोडी मारली, क्रँक आसावर अडकवणारी कॉटर पिन हलत नाही. टायर आजच ऑनलाइन मागवतोय, २८ चे. रविवारच्या आत उपाय सांगा.

छर्रा: कुठल्या बाजूचा क्रँक? नट पूर्ण काढून ठोकलंत का? रॉड ब्रेक (तारेऐवजी दांड्यांनी ओढले जाणारे) आहेत का? टायर थांबवा. नुसतं ‘२८’ पुरत नाही. २८ × १½ ची रिम ६३५ मिमीची, ७००सी या मापाची ६२२ ची, आणि दुकानात दोन्हींना २८च म्हणतात. ७००सी चा टायर तुमच्या रिमवर चढणार नाही. जुन्या टायरच्या कडेवरचे सगळे आकडे लिहा.

निवांत: ‘मिळाली’ म्हणजे कोणी दिली? आधी ते सांगा.

कोथरूडकर: डावा क्रँक. नट काढूनच ठोकलं, आटे थोडे दबलेत. रॉड ब्रेक आहेत. टायरवर २८ × १½. कोणाचीच नाही, वॉचमन म्हणाला.

निवांत: वॉचमनच्या शब्दावर खोलू नका. दुसऱ्याची वस्तू बदहेतूने आपलीशी करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा आहे. फ्रेम नंबर टिपून घ्या, सायकलवर आणि फलकावर मुदतीची नोटीस लावा, मग कमिटीचं लेखी पत्र घ्या. रस्त्यावर सापडली असती तर आधी पोलीस ठाणं.

घाटमाथा: एवढं कशाला? सरळ सात गिअरचं मागचं चाक बसवा, चढाला बरं पडतं.

छर्रा: गिअरचं विचारलंय कोणी? या फ्रेममध्ये मागच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) जागा साधारण ११० मिमी, सात गिअरला १२६ तरी लागते. शिवाय रॉड ब्रेकचे गुटके रिमच्या आतल्या बाजूला घासतात, ती रिमच वेगळी.

आता कॉटर पिन. डब्ल्यूडी-४० दोन्ही टोकांना मारून रात्रभर ठेवा. नट परत चढवा, पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच, म्हणजे आट्यांना आधार मिळतो. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याभोवती बसेल असा जाड लोखंडी पाइप जमिनीपर्यंत टेकवा. हा आधार नसला की घाव बेअरिंगच्या छर्ऱ्यांवर जातो आणि ते बसतात त्या कपात खड्डे पडतात. मग जड हातोड्याचा एकच सणसणीत घाव. बारीक ठोकत बसलं की पिन फुलते, तुमचं तेच होतंय.

आरेवाला: हातोडा नकोच. जी-क्लॅम्प घ्या, डोक्याच्या बाजूला पोकळ सॉकेट, दुसरीकडून स्क्रू आवळा. गॅसने तापवलं तर आणखी लवकर.

छर्रा: क्लॅम्प चालेल, पण हलका असेल तर तोच वाकतो. गॅस नको, रंग जळतो. काहीच जमलं नाही तर पिन ड्रिल करा, नवी पिन स्वस्त असते. फक्त जुनी मोजून घ्या, ९ आणि ९.५ मिमी दोन्ही येतात.

आरेवाला: रंग तसाही गेलेलाच असणार. पावडर कोटिंग करून टाका.

निवांत: रंग राहू द्या हो! केरोसीनने पुसा, जुनी सोनेरी रेघ खालून निघते. क्रोमवरचा गंज पाण्यात भिजवलेल्या अॅल्युमिनियम फॉइलने घासला तर जातो.

कोथरूडकर: पिन निघाली, जी-क्लॅम्पने! आता उजवा कप फिरत नाही. कमिटीला पत्र दिलंय.

छर्रा: उत्तर येईपर्यंत पुढचं खोलू नका. उजव्या कपाला उलटे आटे असतात, घड्याळाच्या दिशेने सोडवा. डावं पायडलही तसंच. बीबीत (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा आस फिरतो तिथे) प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे, सगळे नवे टाका. चेन १२ इंचांच्या जागी १२⅛ भरली तर बदला. ट्यूब फेकण्याआधी व्हॉल्वचं रबर बदलून बघा, बहुतेकदा हवा तिथूनच जाते. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घाला, नाहीतर पायडल एका रेषेत येणार नाहीत. आणि थोडी चालवून झाली की नट पुन्हा आवळा, पिन बसते तशी ढिली होते.

घाटमाथा: सीट कुठली टाकताय?