मदत हवी आहे: पाच महिन्यांची लेक रात्री दर दीड तासाने उठते, संध्याकाळचं पाजणं कसं बसवू?

नमस्कार. लेक पाच महिने आठ दिवसांची आहे. फक्त अंगावरचं दूध, वरचं काहीच नाही. जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम होतं, गेल्या आठवड्यात 6 किलो 200 भरलं. डॉक्टर वजनावर खूश आहेत.

साडेतीन महिन्यांपर्यंत ती रात्री दहाला झोपली की तीनलाच उठायची. चौथा महिना सरत आला आणि सगळं बिघडलं. आता नऊला झोपते, साडेदहाला उठते, मग बारा, दीड, तीन, साडेचार. प्रत्येक वेळी छातीला लावल्याशिवाय गप्प होत नाही. कधी दोन मिनिटांत झोपते, कधी पंधरा मिनिटं गटगट पिते. खरी भूक कुठली आणि सवय कुठली हे मला कळेनासं झालंय.

संध्याकाळ अशी जाते: सहाला पाजते. साडेसातला हे घरी येतात, तिला उचलून गॅलरीत नेतात, खेळवतात. आठपासून किरकिर सुरू. साडेआठला घेऊन बसते, ती पिता पिताच झोपते, मग अलगद पाळण्यात ठेवते. दहातल्या सहा वेळा ठेवतानाच जागी होते.

सासूबाई म्हणतात, दूध पातळ आहे, पोट भरत नाही, रात्री चार चमचे नाचणीची पेज दे. शेजारच्या काकू म्हणतात, एक वेळ डब्याचं दूध दे, सकाळपर्यंत हलणार नाही. डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाणीसुद्धा नको म्हणून सांगितलंय. सासूबाईंना मला दुखवायचं नाही. 19 दिवसांनी माझी 26 आठवड्यांची रजा संपते (बाळंतपणाआधी दोनच दिवस घेतली होती), आणि मग दिवसभर लेक त्यांच्याकडेच असणार आहे. त्यांचा जीव आहे तिच्यावर.

संध्याकाळच्या पाजण्याच्या वेळा बदलून फरक पडतो का? कुणी केलंय का? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून आकडे तपासायचं काम आहे माझं, अशा झोपेवर ते जमणार नाही, याची फार काळजी वाटते.

दोन लेकरांची आई

संध्याकाळचं सांगितलंत, दिवसाचं नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा किती वेळा पिते? आणि एका वेळी किती मिनिटं? माझ्या धाकट्याची गोम तिथे होती.

धागाकर्ती

सहा-सात वेळा घेते. पण खरं सांगायचं तर तीन-चार मिनिटंच. कुकरची शिट्टी झाली की सोडते, बेल वाजली की सोडते. पंख्याकडे बघत हसते, दूध तोंडातून ओघळत असतं आणि हिचं लक्ष पंख्याकडे. मला वाटायचं, आता मोठी झाली, पटकन पिऊन होतं.

वॉर्डातली सिस्टर

मी 14 वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काम करते. तुमच्या शेवटच्या चार ओळींत बरंचसं उत्तर आलंय.

आधी पातळ दुधाचं. दूध पातळ असतं तर वजन दुपटीच्या वर गेलं नसतं, हे सासूबाईंना प्रेमाने सांगा. छाती भरलेली असते तेव्हा सुरुवातीचं दूध पाणीदार येतं, रिकामी होत जाते तसा स्निग्धांश वाढतो. बाळ तीन मिनिटांत सोडतं तेव्हा त्याच्या वाट्याला त्यातलं वरवरचंच येतं. दिवसभर असं अर्धपोटी राहिलेलं बाळ ती कसर रात्री भरून काढतं, कारण रात्री शिट्टी नाही, बेल नाही, पंखा दिसत नाही. चार ते सहा महिन्यांत हे फार बाळांचं होतं. आजूबाजूचं जग नुकतंच नीट दिसायला लागलेलं असतं ना.

त्याच सुमारास झोपेची घडणही बदलते. साधारण पाऊण तासाने झोप उथळ होते आणि बाळ क्षणभर जागं होतं. झोपताना तोंडात छाती असेल तर जाग आल्यावर तीच शोधतं. म्हणजे तुमच्याकडे भूक आणि सवय दोन्ही आहेत, एकीवर काम केलं की दुसरी थोडी सैल होते.

काय करायचं ते सांगते. दिवसा पाजताना दार लोटलेली, अंधारी, शांत खोली. फोन बाहेर. एक बाजू पूर्ण होऊ द्या, मग ढेकर, मग दुसरी. दुपारी चारनंतर दोन पाजण्यांतलं अंतर कमी करा, पाच, साडेसहा, आठ असं. संध्याकाळी दूध कमी आल्यासारखं वाटतं, बाळ पुन्हा पुन्हा मागतं, त्याला घाबरू नका. जवळजवळ घेणं ही बाळाची रात्रीची बेगमीच असते. आठचं पाजणं अगदी झोपेला लागून नको. आधी पाजा, ढेकर काढा, लंगोट बदला, अंगाई म्हणा आणि डोळे जड झालेले पण पूर्ण मिटलेले नाहीत अशा वेळी पाळण्यात ठेवा. पहिले तीन-चार दिवस कुरकुरेल. उचलून घ्या, पुन्हा ठेवा. रडू देत बसायचं नाही.

साडेदहाच्या सुमारास, तुम्ही झोपायच्या आधी, दिवा न लावता तिला झोपेतच उचलून एकदा पाजून बघा. सगळ्या बाळांना हे मानवत नाही. चार-पाच दिवसांत फरक नाही दिसला तर सोडून द्या.

पेजेचं म्हणाल तर पातळ पेजेत बरंचसं पाणीच असतं. पोट फुगतं, त्यातली ताकद दुधापेक्षा कमी, आणि तेवढं दूध पोटात जायचं राहतं. बाटलीत तांदळाची पूड घालून देतात त्यानेही झोप वाढत नाही, उलट घशात अडकायची भीती. जागतिक आरोग्य संघटनाही पूर्ण सहा महिने फक्त आईचं दूध असंच सांगते. नाचणीसत्त्व सहा महिन्यांनंतर सासूबाईंच्याच हातून सुरू करा, त्यांचा मान राहील. आणि मध वर्षाच्या आत कुणी बोटावर चाटवू म्हणालं तरी नाही, त्यातून बाळांना गंभीर विषबाधा होऊ शकते.

रात्री झोपवताना पाठीवर, उशी आणि जाड दुलई काढून. आणि तुम्ही दमलेल्या आहात म्हणून मुद्दाम लिहिते, सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजत बसून डोळा लागू देऊ नका.

रत्नागिरीची आजी

सिस्टरबाईंनी नीट सांगितलंय. मी एकच जोडते. आमच्याकडे दिवेलागण झाली की बाळाच्या खोलीतलं बोलणं खाली यायचं. मोठा दिवा बंद, समईचा उजेड, कोमट पाण्याने हातपाय पुसायचे, मऊ झबलं, मग पाजणं आणि पाळणा. रोज तेच, त्याच क्रमाने. तुमचे यजमान साडेसातला येऊन गॅलरीत नेतात तिथे गाड्या आणि दिवे दिसतात, मग पोर पेटून उठणारच. त्यांना म्हणावं, सकाळी खेळवा हवं तितकं.

रात्री ओव्याची धुरी द्यायचो तीही शांत निजायला चांगली. आणि जायफळाचा एक वेढा दुधात.

वॉर्डातली सिस्टर

आजी, दिवेलागणीचं शंभर टक्के खरं. पण धुरी आणि जायफळ नको. धुराने बाळाच्या छातीला त्रास होतो. जायफळाने येते ती गुंगी असते, एवढ्याशा जिवाला किती झेपेल हे मोजायचं माप आपल्याकडे नाही.

रत्नागिरीची आजी

बरं बाई. जायफळाचं मागे घेते.

ठाण्याचा बाबा

बाबाच्या बाजूने लिहितो. आमच्याकडे साडेदहाला जाग आली की मी उठायचो, बायको नाही. अंगाला दुधाचा वास असला की मुलगा दुसरं काही ऐकूनच घ्यायचा नाही. मी आधी दोन मिनिटं नुसता हात ठेवून थांबायचो. निम्म्या वेळा तो डोळे न उघडताच कुरकुरत असायचा आणि पुन्हा झोपायचा. झोपला नाही तर खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, आणि तरीही तोंड वळवून शोधत असेल तर मगच बायकोला उठवायचं. तुमच्या यजमानांना हा धागा वाचायला द्या. त्या एका फेरीने तिला सलग चार तास मिळायचे.

धागाकर्ती (11 दिवसांनंतर)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणाला तरी उपयोग होईल.

शांत खोली हवी म्हटल्यावर मी बेडरूमचं दार लावून बसले, पण ती रस्त्याच्या बाजूला आहे. हॉर्न वाजला की मान बाहेर. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवघराशेजारची अडगळीची छोटी खोली स्वतः रिकामी केली. पिंपं बाहेर काढली, सतरंजी घातली, खिडकीला त्यांची जुनी गर्द निळी नऊवारी दुहेरी करून लावली. म्हणाल्या, "इथे बस, इथे काही दिसत नाही." पहिल्या दिवशी लेकीने सवयीने चार मिनिटांत सोडलं, वर बघितलं, निळ्या अंधारात काहीच हललं नाही. माझ्या मंगळसूत्राशी जरा खेळली आणि पुन्हा प्यायला लागली. अकरा मिनिटं एक बाजू, मग दणदणीत ढेकर, मग दुसऱ्या बाजूला सात. माझे डोळे भरून आले. सासूबाई दाराबाहेर बसून बेलकडे लक्ष ठेवत होत्या. कुकर आता तिचं पाजणं झाल्यावरच लागतो.

पेजेचा विषय त्यांनी स्वतःच मिटवला. चार दिवसांनी म्हणाल्या, "दूध आहे गं तुला. तिला प्यायला उसंत नव्हती."

संध्याकाळी पाच, साडेसहा आणि आठ असं बसवलंय. हे घरी आले की आधी हातपाय धुतात, मग दिवा मंद केलेल्या खोलीत तिला मांडीवर घेऊन बसतात. गॅलरी बंद. पाळण्यात जागी ठेवणं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या रात्री नऊ वेळा उचललं, चौथ्या रात्री तीन वेळा. साडेदहाला झोपेत पाजणं आम्हाला मानवलं नाही, ती पूर्ण जागी व्हायची आणि तासभर खेळायची. ते सोडलं. ठाण्याच्या बाबांचं मात्र तंतोतंत लागू पडलं, त्या वेळी आता हेच उठतात.

आता साधारण नऊ ते एक, मग चार, मग साडेसहा. काल दोनपर्यंत झोपली. तीन रात्री वाईटही गेल्या, नाक चोंदलं होतं तेव्हा.

आता नवी अडचण. आठ दिवसांनी मी कामावर जाणार. दूध काढून ठेवायचा सराव चालू आहे, पण ती बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं छोटं भांडं) तोंडाला लावू देत नाही. सासूबाईंनी चांदीचं बोंडलं घासून चकचकीत केलंय, ती जिभेने ढकलून देते. बाटली मला नकोय. काय करू?

वॉर्डातली सिस्टर

वाचून फार आनंद झाला. त्या निळ्या नऊवारीचं आमच्या वॉर्डात सांगणार आहे.

बोंडल्यासाठी तुम्ही घराबाहेर जा. तुमचा आवाज आणि वास असताना ती दुसरं काही घेणार नाही. आजीने द्यायचं, आणि कडकडून भूक लागायच्या आधी द्यायचं, नाहीतर चिडते. मांडीवर जरा उभट धरून, कडा खालच्या ओठाला टेकवून थांबायचं, ओतायचं नाही. तीच जीभ पुढे काढून घेईल. सुरुवातीला दोन-तीन चमच्यांएवढंच गेलं तरी चालेल. बोंडलं नाहीच जमलं तर लहान वाटी-चमचा.

काढलेलं दूध खोलीत जास्तीत जास्त चार तास, पण सध्याच्या उकाड्यात तेवढंही नको, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दारात नाही, आत मागच्या बाजूला, चार दिवसांपर्यंत चालतं. गरम करताना भांडं कोमट पाण्यात धरायचं, गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही. उरलेलं उष्टं दूध परत ठेवायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे धीर सुटणार नाही. तुम्ही कामावर जायला लागलात की पहिले काही आठवडे ती रात्री पुन्हा जास्त पिईल. दिवसभराची आई तिला रात्री हवी असते. दूध टिकायलाही ते चांगलंच, दूध तयार करणारं संप्रेरक रात्री जास्त असतं. घरी पोचल्या पोचल्या आधी निळ्या खोलीत जा, स्वयंपाक नंतर. आणि कामाच्या ठिकाणी नेहमीच्या सुट्टीखेरीज बाळासाठी दोन विश्रांती मागून घ्या, कायद्याने मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत त्याचा हक्क आहे. त्या वेळात दूध काढता आलं तर छाती दगडासारखी होणार नाही.

लंगोट दिवसाला सहा तरी ओले होतायत ना एवढं बघत राहा. कमी झाले, किंवा वजन थांबलं, तर धाग्यावर विचारत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

धागाकर्ती

सात-आठ होतात. आज साडेचारला मी खाली सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. वीस मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला, चार बोंडली गेली, पाचवं सांडलं. उद्या सकाळी अकराला पुन्हा जाणार आहे.