मदत हवी आहे : व्हाईट मेटलचे बारीक भाग जोडताना सोल्डर वापरावे की अ‍ॅराल्डाइट?

नमस्कार.

आपल्या नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात अडीच फुटी रुळांवरची जी वाफेची इंजिने दिसतात, तशा धाटणीच्या एका इंजिनाचे लहान मॉडेल मी सध्या तयार करीत आहे. सांगाडा पितळी पत्र्याचा आहे. धुराडे, घुमट, वाळूच्या पेट्या, दिवे आणि ब्रेकचे दांडे मात्र व्हाईट मेटलचे ओतीव आहेत. अडचण या ओतीव भागांच्या जोडणीची आहे.

व्हाईट मेटलमध्ये कथील, शिसे, अँटिमनी अशा धातूंचे मिश्रण असते आणि प्रमाणानुसार ते साधारण २०० ते २५० अंश सेल्सिअसलाच वितळते. इलेक्ट्रॉनिक्सच्या कामातले ६०:४० सोल्डर (धातू जोडण्यासाठी वितळवून वापरायचे, ६० भाग कथील व ४० भाग शिसे असलेले मिश्रण) १८३ अंशांपासून मऊ होऊ लागते आणि साध्या २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक ३०० अंशांच्याही वर तापते, त्यामुळे क्षणभर जास्त टेकले तरी दिव्याची कड गळून जाण्याची भीती असते. म्हणून अशा कामासाठी तापमान कमी-जास्त करता येणारे आयर्न आणि ७० अंशांना वितळणारे बिस्मथयुक्त सोल्डर वापरतात. ते पितळेवर थेट धरत नाही. तिथे आधी नेहमीच्या सोल्डरचा पातळ थर चढवावा लागतो. शिवाय इतक्या कमी उष्णतेला राळेचा फ्लक्स (जोडायचा पृष्ठभाग साफ करणारा पदार्थ) पुरेसे काम करीत नाही, फॉस्फोरिक आम्लाचा पातळ फ्लक्स लागतो आणि जोड झाल्यावर तो नीट धुवावा लागतो.

धुराडे आणि घुमट यांची बैठक रुंद असल्यामुळे त्यांना अ‍ॅराल्डाइट (दोन भाग मिसळून लावायचा इपॉक्सी गोंद) पुरेल, असे माझे मत आहे. ते सावकाश घट्ट होत असल्याने भाग सरळ करायलाही सवड मिळते. खरा प्रश्न ब्रेकच्या दांड्यांचा आहे, कारण तिथे टोकाला टोक लागते आणि चिकटायला जागाच नसते. दोन्हीकडे बारीक छिद्र पाडून अर्ध्या मिलिमीटरची पितळी तार आत बसवावी आणि मग जोड द्यावा, असा माझा विचार आहे. तारेलाही आधी सोल्डरचा थर द्यावा का, की अशा वेळी अ‍ॅराल्डाइटच अधिक टिकते?

दुसरी शंका इथल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, बंद मोटारीत तर त्याहून कितीतरी अधिक. अशा उष्णतेत ७० अंशांच्या सोल्डरला फारसा वाव उरत नाही आणि अ‍ॅराल्डाइटही तापले की मऊ पडते. विदर्भात राहून असे मॉडेल उन्हाळ्यात प्रवासाला नेलेल्यांनी कोणता जोड टिकला ते कृपया सांगावे.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात ६०:४० सोल्डर आणि राळ सहज मिळते. ७० अंशांचे सोल्डर घेताना मात्र कॅडमियमविरहित प्रकार मिळाला तर मला तोच हवा आहे, कारण कॅडमियमचा धूर विषारी असतो आणि माझे काम घरातच चालते. तसा प्रकार कोणी वापरला असल्यास तो किती अंशांना वितळतो आणि त्याचा जोड कसा बसतो, हेही अवश्य लिहावे.